उतारावर क्लच दाबला आणि गाडी ऐकेनाशी झाली

घाटवाट (रविवार, रात्री १०:१५)

मंडळी, आधीच सांगतो की चूक माझी आहे. त्यामुळे "तुला कोणी सांगितलं होतं" हा प्रतिसाद लिहायचे कष्ट घेऊ नका. तो घरून मिळालेला आहे.

मुळशीच्या आतल्या बाजूला मित्राची जमीन आहे. पावसाने तांबडी माती नुसती लोण्यासारखी झाली होती. जमिनीच्या वरच्या अंगाला जायला ट्रॅक्टरने पाडलेली एक वाट आहे, साठ-सत्तर मीटर लांब. जाताना फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर आणि गिअर सगळ्यात हळू, तीच लो रेंज) गाडी अशी चढली की मला वाटलं आपण जन्मजात ड्रायव्हर आहोत. येताना पहिला गिअर, फोर लो, पाय ब्रेकवर. अर्ध्यापर्यंत ठीक चाललं होतं. मग इंजिनाचा आवाज वाढला, मी ब्रेक जरा जोरात दाबला, इंजिन बंद पडेल असं वाटलं म्हणून क्लचही दाबला. आणि गाडी सुटली. ब्रेक पूर्ण दाबलेला, स्टिअरिंग उजवीकडे वळवलेलं, पण गाडी सरळ खाली. शेवटी करवंदीच्या जाळीने झेललं. माणसं शाबूत, बंपर फुटलाय, नंबरप्लेट मित्राकडे आहे. बायको शेजारी बसली होती, ती पुण्यापर्यंत एक अक्षर बोलली नाही.

प्रश्न दोन. एक, नेमकं काय चुकलं? दोन, गाडीत हिल डिसेंटचं, म्हणजे उतारावर गाडी आपोआप हळू ठेवणारं बटण आहे, ते दाबलं असतं तर वाचलो असतो का?

डिझेलकाका (रविवार, १०:५०)

गाडी कोणती? टायर कुठले, हवा किती होती?

घाटवाट (रविवार, ११:०२)

काका, गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढचे दीडशे प्रतिसाद कंपन्यांच्या भांडणात जातील. डिझेल, मॅन्युअल, लो रेंज असलेली, एवढं धरून चाला. टायर कंपनीचेच, रस्त्याचे. हवा ३२.

टिंबटिंब (रविवार, ११:१०)

बटण दाबायचं होतं हो. दोन्ही पाय वर घ्यायचे आणि गाणी ऐकत खाली यायचं. ह्यासाठीच तर पैसे मोजतो आपण.

डिझेलकाका (सोमवार, सकाळी ६:४०)

टिंबटिंब, तुमच्या बटणाकडे येतो नंतर. आधी क्लच.

घाटवाट, तुम्ही शहरात रोज गाडी चालवता ना? तिथे थांबायचं म्हणजे ब्रेक आणि क्लच जोडीने दाबायचे, ही पायांना लागलेली सवय आहे. सिग्नलला ती बरोबर, उतारावर तीच घात करते. लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून उतरताना गाडीला धरून ठेवणारं मुख्य काम इंजिन करत असतं. चाकं इंजिनाला जबरदस्तीने फिरवत असतात आणि इंजिन नको नको म्हणत असतं. पेट्रोल इंजिनात रेस सोडली की थ्रॉटल, म्हणजे हवेचा दरवाजा, मिटतो, पिस्टनला हवा ओढायला जोर लावावा लागतो, त्याने गाडी अडते. डिझेलमध्ये सहसा हवा अशी अडवली जात नाही, तिथे भरवसा घर्षणावर, काँप्रेशनमध्ये वाया जाणाऱ्या ताकदीवर आणि मुख्य म्हणजे गिअरच्या पटीवर. क्लच दाबला की हे सगळं एका क्षणात तुटतं. गाडी न्यूट्रलमध्ये आल्यासारखीच. राहिले फक्त ब्रेक, आणि लोण्यावर ब्रेक म्हणजे चाक जाम.

आता स्टिअरिंग का ऐकलं नाही. फिरणारं चाकच वळतं. पुढचं चाक जाम होऊन घसरत असेल तर ते उजवीकडे वळवा नाहीतर डावीकडे, गाडी उताराच्या दिशेनेच जाणार. अशा वेळी ब्रेक सोडायचा असतो. मन तयार होत नाही, माहितीये. पण अर्धा सेकंद सोडला की चाक फिरायला लागतं आणि स्टिअरिंग परत हातात येतं.

तुमच्या गाडीत एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेलच. पण लक्षात ठेवा, सुट्या मातीवर आणि खडीवर एबीएस थांबायचं अंतर बऱ्याचदा वाढवतं. जाम झालेलं चाक स्वतःपुढे मातीचा ढीग करतं आणि त्यात अडतं, एबीएस तो ढीगच होऊ देत नाही. तुमच्या लोण्यावर मात्र ढीगही झाला नसता.

आणि इंजिन बंद पडलं असतं तर काय बिघडलं असतं? फोर लोच्या पहिल्या गिअरात बंद पडलेलं इंजिन हाच मोठा ब्रेक असतो. पाय ब्रेकवर ठेवायचा, हँडब्रेक ओढायचा, मग सावकाश क्लच दाबून सुरू करायचं. एकच काळजी घ्या, बंद इंजिनावर ब्रेकचा बूस्टर (पायाच्या दाबाला जोर देणारा) दोन-तीन वेळाच साथ देतो. उगाच पंप मारत बसू नका.

उसाचा_फड (सोमवार, ७:५५)

काकांना अनुमोदन. आमच्याकडं पन्हाळ्याच्या बाजूला ट्रॅक्टरवाल्याला हे कोणी शिकवत न्हाई, ट्रॉलीच शिकवती. उसानं भरलेली ट्रॉली मागनं ढकलायला लागली की ब्रेक मारून बघा, ट्रॉली ट्रॅक्टरला वळसा घालून पुढं येती. म्हणून उताराच्या वरच थांबायचं, लो मधला पहिला नाहीतर दुसरा टाकायचा, आणि खाली पोचेपर्यंत क्लचला पाय लावायचा न्हाई. क्लचवर पाय दिसला तर आमचा म्हातारा खाली उतरून शिव्या द्यायचा.

आणि ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल असतात, डाव्या चाकाचं आणि उजव्या चाकाचं वेगळं. शेतात वळायला सुटे ठेवत्यात. रस्त्यावर ते कडीनं जोडून घ्यायचे. उतारावर एकच पेडल दाबलं गेलं तर माणूस राहत न्हाई. ही गोष्ट चेष्टेची न्हाई.

चालकाची_लेक (सोमवार, ९:२०)

काय आठवण काढलीत! माझे बाबा एसटीत ३१ वर्षं चालक होते, त्यातली बरीच कोकणच्या गाड्यांवर. त्यांचा नियम: ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. आणि गिअर उताराच्या आधी पडला पाहिजे, उतारावर नाही. जुन्या गाड्यांचे गिअर डबल क्लच मारून, म्हणजे मध्ये न्यूट्रल करून क्लच दोनदा दाबून, टाकावे लागत. उतारावर एकदा काढलेला गिअर परत पडेलच असं नसे, दात वाजत राहत आणि गाडी तोवर वेग धरी. "गिअर सुटला की घाट सुटला" म्हणायचे.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. त्यात आता वाचतही नाही काही, नवीन इंजिनं गिअरमध्ये रेस सोडली की डिझेल जवळजवळ बंदच करतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं.

गणितमास्तर (सोमवार, दुपारी १:३०)

जेवणाच्या सुट्टीत थोडं गणित. कंटाळा येत असेल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारावी.

१८०० किलोची गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली आणली तर साधारण ५३ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी ताशी १०० किमी वेगावरून थांबवताना जिरते सुमारे ७ लाख. म्हणजे एक मध्यम घाट निव्वळ ब्रेकवर उतरणं हे शंभरच्या वेगावरून सात-साडेसात वेळा करकचून थांबण्यासारखं आहे, मध्ये गार व्हायला वेळ न देता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १४० आहे. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी चालत राहते. ऑइल दर दोन वर्षांनी का बदलायचं ते ह्यात आलं.

पण घाटवाट यांची भानगड उष्णतेची नाहीच, साठ मीटरमध्ये काय तापणार? ती घर्षणाची आहे. उताराच्या कोनाचा टॅन्जंट घर्षणांकापेक्षा जास्त झाला की गाडी घसरणारच. ओल्या चिकणमातीवर रस्त्याच्या टायरला ०.३ घर्षणांक मिळतो असं धरा. ०.३ चा कोन येतो १७ अंश. ह्याच्या पुढे ब्रेक, इंजिन, बटण, देव, काहीही लावा, चाकं ज्या मातीला धरणार तीच धरत नसेल तर सगळे उपाय सारखेच निकामी. डांबरी घाटरस्ते बहुतेक ५ ते ७ टक्के चढाचे असतात, म्हणजे जेमतेम ३ ते ४ अंश. घाटाचा अनुभव म्हणून जो आपण छाती फुगवून सांगतो तो एवढाच असतो.

घाटवाट (सोमवार, २:१०)

मास्तर, तो उतार मला पंचेचाळीस अंशांचा वाटला होता!

गणितमास्तर (सोमवार, २:१४)

सगळ्यांनाच वाटतो. मोबाइलमध्ये कोन मोजायचं ॲप असतं, डॅशबोर्डवर ठेवून बघा. पंचेचाळीस वाटलेला बहुधा वीस-पंचवीस निघतो. खरा पंचेचाळीस अंशांचा उतार काचेतून दिसत नाही, बॉनेटच्या पुढे नुसतं आभाळ आणि मग एकदम जमीन दिसते.

डिझेलकाका (सोमवार, संध्याकाळी ७:३०)

मास्तरांनी माझं काम हलकं केलं. आता फोर बाय फोर लावूनच का उतरायचं ते सांगतो, कारण बरेच जण म्हणतात "चढायला लागतं, उतरायला कशाला?"

टू एचमध्ये, म्हणजे गाडी नेहमीसारखी दोनच चाकांवर चालवताना, इंजिनाचा अडसर फक्त मागच्या चाकांना. आणि उतारावर वजन पुढे जातं. गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमी आणि दोन आसांमधलं अंतर २४५ सेंमी धरलं, तर सपाटीवर निम्मं-निम्मं असलेलं वजन २५ अंशांच्या उतारावर साठ टक्क्यांच्या वर पुढच्या चाकांवर येतं. म्हणजे ज्या मागच्या चाकांना इंजिन अडवतंय तीच हलकी झालीत. ती घसरतात, मागचा भाग बाजूला यायला लागतो आणि गाडी आडवी होते. उतारावर आडवी झालेली गाडी पुढे काय करते ते सांगायला नको. ट्रान्सफर केसने (इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीने) पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला की अडसर चारही चाकांना वाटला जातो.

लो रेंजचा फरक आकड्यात बघा. मारुतीच्या पाच गिअरच्या जिम्नीचा पहिला गिअर ४.४२५, डिफरन्शियल ४.०९, लो रेंज २.००२. गुणाकार ३६ च्या आसपास. इंजिन ८०० फेऱ्यांवर असेल तर गाडी ताशी ३ किमीने चालते, आपण भाजी घ्यायला जातो त्यापेक्षा हळू. तोच पहिला गिअर हाय रेंजमध्ये ताशी पावणेसहा. म्हणजे लोचा दुसरा आणि हायचा पहिला जवळजवळ सारखे पडतात.

आणि इथेच तुमच्या चिखलाची गोम आहे. खडकावर पहिला लो उत्तम. पण लोण्यासारख्या मातीवर पहिला लो इतका हळू असतो की गाडी घसरून पुढे जाते आणि चाकं तिच्या मानाने कमी फिरतात. इंजिनच चाकांना जाम केल्यासारखं करतं. तुमची गाडी ब्रेक दाबायच्या आधीपासूनच थोडी घसरत असणार. तिथे दुसरा लो घ्यायचा, किंवा घसरण जाणवली की रेस अगदी हलकी द्यायची, चाकांचा वेग गाडीच्या वेगाइतका होईपर्यंत. उतारावर रेस द्यायची हे ऐकून लोक मला वेडा म्हणतात. म्हणोत.

रानजाई (सोमवार, ९:०५)

काका म्हणतात ते मी पोटात गोळा येऊन अनुभवलंय. मागचा भाग डावीकडे निघाला तेव्हा शेजारी बसलेले शिकवणारे सर ओरडले, "ब्रेक नको, रेस, खाली बघ!" दिली, आणि गाडी ओढल्यासारखी सरळ झाली.

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, तेव्हा त्याबद्दल दोन शब्द. डी मध्ये ठेवून उतरू नका, वेग वाढला की ती आपणहून वरचा गिअर टाकते. फोर लो, आणि एल किंवा मॅन्युअलमध्ये पहिला पकडून ठेवायचा. तरीही टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) थोडा निसटतो, त्यामुळे मॅन्युअलइतकी पकड मिळत नाही. ब्रेक हलका, सतत लावावा लागतो. मी डाव्या पायाने लावते. मॅन्युअलवाल्यांनी डावा पाय क्लचपासून लांब, सपाट जमिनीवर ठेवावा. जवळ असला की तो जातोच.

टिंबटिंब (सोमवार, ९:४०)

सगळं मान्य. पण माझ्या बटणाचं काय झालं?

डिझेलकाका (सोमवार, १०:१५)

घ्या तुमचं बटण. १९९७ साली लँड रोव्हरने फ्रीलँडर आणली. त्या गाडीला लो रेंज नव्हती. मग उतारावर काय करायचं? म्हणून एबीएसच्या पंपाकडून एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून वेग धरून ठेवायची युक्ती केली, तीच हिल डिसेंट. लो गिअर नव्हता म्हणून आलेला पर्याय आहे तो, आणि चांगला आहे. प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक लावणं माणसाच्या एका पायाला जमणार नाही. तो घर्रघर्र आवाज येतो तो पंपाचा, घाबरू नका.

पण शेवटी ते ब्रेकच लावतंय. लांब उतारावर मास्तरांचे ५३ लाख ज्यूल त्याच डिस्कमध्ये जाणार. आणि सतरा अंशांचं गणित त्याला चुकलेलं नाही. लो गिअर आणि बटण दोन्ही मिळून वापरा, छान जमतं. दोन्ही पाय वर घेऊन गाणी ऐकू नका.

शारजाकर (सोमवार, ११:५०)

इथल्या वाळूत थोडं उलटं आहे, म्हणून लिहितो. वाऱ्याने रचलेल्या टेकडीचा सरकता उतार ३४ अंशांच्या आसपासच थांबतो, त्याहून उभी कोरडी वाळू टिकतच नाही. पहिल्यांदा कड्यावरून नाक खाली घालताना जीव जातो, पण वाळू स्वतःच गाडीला धरते. टायर १५ पीएसआयवर आणायचे, दुसरा गिअर, नाक बरोबर उताराच्या दिशेला. ब्रेक जोरात मारला तर पुढची चाकं रुततात आणि मागचा भाग पुढे यायला बघतो. तिरकं तर अजिबात जायचं नाही. आमच्या ग्रुपमधला एक जण तिरका उतरला आणि गाडी बाजूवर झोपली. वाळू मऊ म्हणून वाचला, पण आरसा, दोन काचा आणि अबू धाबीपर्यंतची क्रेन.

घाटवाट, तुमच्या ३२ च्या हवेवर कोणी बोललं कसं नाही? चिखलात १८-२० वर आणा. परत येताना भरायचा पंप मात्र गाडीत हवा.

सडा_आणि_फुलं (मंगळवार, सकाळी ८:१०)

तंत्राच्या चर्चेत विघ्न आणतोय. पण पावसाळ्यात सह्याद्रीत चार चाकं घेऊन जायची गरजच काय? गडांच्या वाटांवर, सड्यांवर (कातळी पठारांवर) गाड्या घातल्याचे व्हिडिओ रोज दिसतात. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो. त्यावर एक चाकोरी पडली की वर्षानुवर्षं तिथे पाणी वेगळं वाहतं. पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा झाली, त्यात कास आहे. ते काही तुमच्या टायरच्या नक्षीसाठी नाही.

घाटवाट (मंगळवार, ८:४५)

राग मान्य. ही मित्राची खाजगी जमीन आहे, ट्रॅक्टरची जुनीच वाट आहे, गड किंवा सडा नाही. पण तुमचं म्हणणं खोटं नाही. मी घसरलो तिथे दोन खोल चर पडलेत आणि पहिल्याच पावसात माती खाली वाहून गेली. मित्राने मला फावडं दिलंय.

उसाचा_फड (मंगळवार, ९:००)

फावडं मिळालं म्हंजे मैत्री टिकली.

रानजाई (मंगळवार, १०:३०)

एक राहिलंच, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचं तेच. चढ अर्ध्यात फसला तर. इंजिन बंद, गाडीचं तोंड आभाळाकडे, आता मागे यायचंय. त्या क्षणी सगळ्यांना गाडी वळवून घ्यावीशी वाटते. वळवायची नाही! ब्रेक धरायचा, हँडब्रेक ओढायचा, क्लच दाबून रिव्हर्स टाकायचा, फोर लो आहेच. मग इंजिन सुरू करून हँडब्रेक काढायचा आणि क्लच पूर्ण सोडता सोडता ब्रेकही हळूहळू सोडायचा. रिव्हर्सही लोमध्ये तितकाच हळू चालतो, गाडी इंजिनावर मागे येते. चाकं सरळ हवीत. मागे जाताना पुढची चाकं हलकी असतात, जरा वाकडी राहिली तर तोंड झटक्यात फिरतं. मान वळवून बघण्यापेक्षा दोन्ही आरशांत बघा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या दिसतात. मी हे सपाट शेतात दहा वेळा केलं, मग चढावर. त्या दहा वेळांत चार वेळा हँडब्रेक विसरले.

डिझेलकाका (मंगळवार, १२:००)

उत्तम लिहिलंस. जुन्या जीपवाल्यांसाठी एक: ड्रम ब्रेक असतील आणि उताराच्या आधी ओढा ओलांडला असेल, तर पाण्यातून निघाल्यावर सपाटीलाच हलका ब्रेक लावत थोडं चालवा आणि ड्रम वाळवा. मी एकदा वाळवले नव्हते. पुढचं लिहीत नाही, ह्या धाग्यावर माझी थोडी इज्जत आहे.

आणि डिफ लॉकवाल्यांसाठी (डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरायला लावणारा लॉक): उतारावर मागचा लॉक चालतो, पुढचा लावला की स्टिअरिंग जड होऊन सरळच जायला लागतं. वळण असेल तर काढा.

घाटवाट, पुढच्या वेळी वरच्या कडेला गाडी उभी करा, खाली उतरा आणि ती वाट आधी पायी चालून या. जिथे तुमचा बूट घसरेल तिथे टायर घसरेल.

घाटवाट (सप्टेंबर, रविवार, रात्री ८:२०)

धागा वर काढतोय, रिपोर्ट द्यायचाय. आज परत गेलो. टायरमध्ये हवा २०, पंप सोबत. चढताना दुसरा लो, व्यवस्थित. वर कोन मोजला, १९ अंश निघाला. मास्तर, पंचेचाळीस म्हटल्याबद्दल माफी.

मग काकांचं ऐकून पायी उतरायला निघालो. पाच-सहा पावलं गेलो असेन, दोन्ही पाय पुढे आणि मी पाठीवर. चांगला आठ-दहा फूट तसाच खाली आलो, बरोबर माझ्याच जुन्या चरातून. बायको वरून बघत होती. ती पहिल्यांदाच मनापासून हसली त्या जागेवर.

गाडी उतरवली नाही. वरच्या बांधाकडून शेजाऱ्याच्या शेतातून जाणारी लांबची वाट आहे, त्यांना विचारून तिकडून आणली. वीस मिनिटं जास्त लागली. तिथे एक छोटा उतार होता, दहा-अकरा अंशांचा, मुरमाड. पहिला लो टाकून डावा पाय जमिनीवर दाबून ठेवला. पायाला चक्क वळ आला, इतका दाबला होता. गाडी चालत खाली आली.

उसाचा_फड (रविवार, ८:३१)

आणि बंपर?

घाटवाट (रविवार, ८:३३)

तारेने बांधलाय. नंबरप्लेट मित्राने गोठ्यावर लावलीय, देत नाहीये.